पेटी विचारली का?

क्रांती चौकातल्या सिग्नलला जी तरणी पोरं कानाचे पडदे फाटेपर्यंत हॉर्न वाजवत उभी असतात, त्यांतली निम्मी कधी ना कधी आमच्या शमीम मॅडमच्या हातून झोपून उठलेली आहेत. कुणाचा हर्निया होता, कुणाचा जन्मतः फाटलेला ओठ, कुणाच्या श्वासनळीत गेलेला चिंचोका. निम्मी म्हणजे मी थोडं वाढवून सांगतोय, हे कबूल. पाव धरा. पाव तर नक्की.

शमीम मॅडम भुलीच्या डॉक्टर, त्याही लहान मुलांच्या. मी त्यांच्या हाताखाली थिएटरमधला मदतनीस. माझं नाव साहेबराव. त्यामुळं अख्ख्या दवाखान्याला, मोठ्या सर्जनलासुद्धा, मला हाक मारताना 'साहेब' म्हणावं लागायचं. मॅडम तर पहिल्याच दिवशी हसल्या होत्या. "या अल्ला, मी डॉक्टर आणि तू साहेब? चल साहेबराव, ह्या बच्च्याचं वजन सांग."

पाळण्यात एक गुटगुटीत पोरगं होतं. मी लांबूनच नजर टाकली आणि म्हणालो, "असेल की सात किलो."

मॅडम पुढं झाल्या. पोर उचललं, टेबलावर ठेवलं आणि मला एक एक वस्तू उतरवायला लावली. कानटोपी. स्वेटर. त्याखाली दुसरा स्वेटर. दोन झबली. कमरेचा चांदीचा करदोडा, पायातले वाळे, मनगटातली मनगटी, गळ्यात एका धाग्याला तावीज आणि दुसऱ्याला वाघनख. त्या वाघनखासकट वाघ निघाला असता तरी मला नवल वाटलं नसतं. मग उघडं पोर काट्यावर ठेवलं. पाच किलो आठशे.

"साहेबराव, वरचा सव्वा किलो कुणाचा रे? सोनाराचा का टेलरचा?" त्यांनी विचारलं. "मी तुझ्या सातावर औषध भरलं असतं, तर ते पोराला गेलं नसतं, त्याच्या आजीच्या हौसेला गेलं असतं. वजन सांगायचं नाही. वजन करून आणायचं."

त्यानंतर मी त्यांच्याजवळ सोळा वर्षं होतो आणि वजन कधी सांगितलं नाही. करून आणलं.

त्यांचं घराणं जुनं, शहरातलंच. मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलायच्या, पण राग आला किंवा माया आली की दखनी बाहेर पडायची. नवीन डॉक्टरांना शिकवताना तर एक वेगळीच भाषा व्हायची. औषध शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं, हे समजावताना इतर डॉक्टर फळ्यावर वाकड्यातिकड्या रेघा काढतात. मॅडम तहसील कचेरी काढायच्या.

"हे बघ, आपण दिलेलं औषध म्हणजे फाईल. लिव्हर म्हणजे तहसील. तिथं फाईल निकाली निघते, मग किडनी ती बाहेर टाकते. आता नुकतं जन्मलेलं बाळ घे. त्याच्या तहसीलचं उद्घाटन झालंय, पण कारकून हजर झालेले नाहीत. खुर्च्या रिकाम्या. फाईल तशीच पडून. म्हणजे मोठ्या माणसात चार तासांत उतरणारं औषध ह्याच्यात दिवसभर मुक्काम करणार. कमी द्यायचं आणि दुसरा डोस उशिरा द्यायचा. पण तेच पोर वर्ष-दोन वर्षांचं झालं की तिथं नवे भरती झालेले कारकून असतात, लई उत्साही. तू चहा प्यायच्या आत फाईल निकाली. त्याला वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त लागतं. लहान पोर म्हणजे माणसाची बारकी झेरॉक्स नाही मियाँ, दर तीन महिन्यांनी बदलणारा वेगळाच प्राणी आहे तो."

नवे डॉक्टर हसायचे, पण विसरायचे नाहीत. मी तर इतकं पाठ केलं होतं, की पडेगावच्या आमच्या गल्लीत लोकांना वाटायचं साहेबराव दवाखान्यात नाही, तहसीलला लागलाय.

एका गोष्टीवर मात्र त्या हसायच्या नाहीत. त्या शिकत होत्या त्या काळात काही जुनी मंडळी म्हणायची, तान्ह्या बाळाला कुठं काय कळतं, घट्ट धरा आणि उरका. आपण तेव्हा एका बाळाचे पाय धरले होते, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं. पण त्यानंतर त्यांनी आयुष्यभर तान्ह्या बाळांच्या दुखण्याची वकिली केली. सर्जन घाईत असले तरी सुई टोचण्याआधी बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब घालणार. कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन भुलीतच देऊन ठेवणार, म्हणजे जागं झाल्यावर टाके ठणकू नयेत. वर मोजून मापून जोरदार वेदनाशामकाचा थेंबभर डोस. ऑपरेशननंतरच्या रिकव्हरीच्या खोलीत मला उभं करून शिकवायच्या, "रडणं ऐकू नको. रडतं ते भुकेनंही रडतं. तोंड बघ. भुवया मधे आल्यात का? डोळे गच्च आवळलेत का? नाकापासून ओठापर्यंत घडी पडली का? मूठ उघडी का बंद? बाळ बोलतं रे, फक्त तोंडानं आवाज काढत नाही."

आता माझ्या थापांबद्दल. मुलाला आईच्या कडेवरून थिएटरात न्यायचं म्हणजे एरवी आकांत असतो. रडत गेलेलं पोर मास्क लावताना श्वास कोंडतं, घशात कफ होतो, सगळंच अवघड. म्हणून त्या झोपेचं सरबत द्यायच्या. पण मी पोराला कडेवर घेऊन दारातून मास्कपर्यंत जाताना अशी एक गोष्ट फेकायचो, की पोर रडायचंच विसरायचं. हा मास्क दौलताबादच्या किल्ल्यातल्या राक्षसाचा आहे, त्याला सर्दी झाली म्हणून त्यानं तो आमच्याकडे ठेवलाय, जरा फुंकर मारून बघ चालतो का. पोर फुंकर मारायचं आणि गाढ झोपायचं. मॅडम म्हणायच्या, "साहेबराव, तुझी थाप म्हणजे माझं पहिलं औषध. पण डोस बघून."

पोरांच्या आईबापांपाशीही मी असाच बोलायचो. आणि म्हणूनच ऑपरेशनआधीचा माहितीचा फॉर्म त्यांनी माझ्याकडे दिला होता. शेवटची नजर त्यांचीच असायची, पण पहिली बोलणी माझी. "डॉक्टर दिसला की लोक परीक्षेला बसल्यासारखं बोलतात," त्या म्हणायच्या. "तुझ्यापुढं खरं बोलतात. तू इतकं खोटं बोलतोस, की त्यांना खरं बोलायची लाज वाटत नाही."

त्या फॉर्मवर एक प्रश्न होता: बाळ पूर्ण दिवसांचं आहे का. मॅडमनी तो छापील प्रश्न खोडायला लावून शेजारी पेननं लिहिलं होतं: 'पेटी विचारा.'

कारण असं, की आपल्याकडे आठव्या महिन्यात झालेलं बाळ जगत नाही, अशी जुनी समजूत आहे. जगलं तर घरचे ते कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागेल, कुणी काही बोलेल. डॉक्टरनं विचारलं तरी आजी पुढं होऊन सांगते, नऊ महिने नऊ दिवस. आणि कमी दिवसांच्या बाळाची भुलीत एक मोठी गोम असते. त्याच्या मेंदूतली श्वासाची घडी नीट बसलेली नसते. ऑपरेशन छान होतं, बाळ जागं होतं, दूधही पितं, आणि नंतर काही तासांनी, भुलीचा उरलासुरला अंश अंगात असताना, झोपेत श्वास घ्यायचंच विसरतं. जन्मानंतर कित्येक महिने ही भीती राहते. अशा बाळाला रात्रभर यंत्र लावून, माणूस बसवून ठेवायचं असतं. आणि हर्निया नेमका अशाच बाळांना जास्त होतो.

"महिने विचारशील तर नऊच सांगतील," मॅडम म्हणायच्या. "तू पेटी विचार. जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, किती दिवस? पेटीचं कुणी लपवत नाही. पेटी म्हणजे मोठ्या दवाखान्याची निशाणी, कौतुकानं सांगतात." आणि खरंच सांगायचे. नऊ महिने नऊ दिवस म्हणणारी आजी पुढच्याच वाक्यात सांगायची, "पेटीत व्हतं की बारा दिस!"

एक दिवस वैजापूरहून एक कुटुंब आलं होतं. बाळ साडेचार महिन्यांचं, आरुष नाव, उजव्या बाजूला हर्निया. बाप मार्केट यार्डात मापाडी. आई एवढीशी, घाबरलेली. आणि आजी गयाबाई, धिप्पाड, हातात बाटली-दुपट्यांची पिशवी. आई सारखी रडत होती, म्हणून मी फॉर्म मांडीवर घेऊन माझ्या आजोबांच्या म्हशीची गोष्ट काढली. आजोबांची म्हैस दौलताबादच्या किल्ल्यात घुसली, अंधाऱ्या वाटेनं वर चढली आणि बालेकिल्ल्यावर जाऊन व्याली. शिंगांना वटवाघळं लटकलेली. खाली उतरेना. मग आजोबा सहा महिने रोज किल्ला चढून धार काढायचे, आणि दूध तोफेच्या नळीतून खाली सोडायचे. गयाबाई हसून हसून पदर तोंडात कोंबत होत्या. आईसुद्धा हसली. मला चेव आला. गोष्ट अशी ऐन रंगात, दूध तोफेतून निघालेलं, आणि आतून हाक आली, "साहेबराव, बाळ आणा!"

मी घाईघाईत विचारलं, "पूर्ण दिवसांचं ना?"

"व्हय व्हय, नऊ महिने नऊ दिस," गयाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "फुडं काय झालं म्हशीचं?"

मी फॉर्मवर खूण केली. पेटी विचारली नाही.

मॅडमनी आत नेताना बाळाकडे पाहिलं. "बारीक आहे रे." पण आपल्याकडे बारीक पोरं काय थोडी आहेत? त्यांनी फॉर्म पाहिला, खूण पाहिली. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. कमरेखालचं इंजेक्शन, थेंबभर जोरदार वेदनाशामक, सगळं नेहमीसारखं. बाळ उठलं, रडलं, दूध प्यालं. मॅडम त्याच्या छातीवर तळहात ठेवून तासभर बसल्या, मग बोटाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा काढून त्याला वॉर्डात पाठवलं आणि पुढच्या केसला गेल्या.

दुपारी दोनच्या सुमाराला मी वॉर्डात गेलो. गयाबाईंनी मला सोडलंच नाही. "म्हैस उतरली का नाय?" मी खाटेजवळ उभा राहून सांगायला लागलो. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "किती शांत झोपलंय बघा, सकाळपासून पहिल्यांदा." मी गोष्ट सांगता सांगता खाली पाहिलं. बाळाचे ओठ जांभळे होते.

मी ओरडलो ते कसं, मला सांगता येत नाही. एरवी मी सांगितलं असतं की आवाज म्हैसमाळपर्यंत गेला. मॅडम शेजारच्या थिएटरातून धावत आल्या. तिथं पोर टेबलावर यायचं होतं, अजून भूल दिली नव्हती, म्हणून येता आलं. बाळाला उचलून टेबलावर घेतलं, मास्क धरला आणि हातातल्या फुग्यानं श्वास द्यायला लागल्या. एक. दोन. तीन. आई भिंतीला धरून उभी. मॅडमनी मान न वळवता मला विचारलं, "पेटी विचारली होती का?"

मी म्हणालो, "हो मॅडम. नव्हती म्हणाले."

हे बोलायला मला विचार करावा लागला नाही. म्हशीच्या गोष्टीला लागतो, याला लागला नाही. लोक मला थापाड्या म्हणतात, ते बरोबर आहे. पण थाप ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते, तो आपणहून तिच्यात येऊन बसतो. हे तसं नव्हतं. समोरची बाई माझ्यावर विसंबून होती, आणि मी तिला खोटं सांगितलं.

बाळ परतलं. रंग आला, पाय हलले, मग रडलं. मॅडम दोन दिवस त्याच्या खाटेपासून हलल्या नाहीत. घरच्यांना काही खोदून विचारलं नाही. "आई आधीच स्वतःला खातेय," म्हणाल्या, "तिला आता चौकशीला बसवू नको." माझ्या फॉर्मवर त्यांचा विश्वास होता. तोवर इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं फसवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाळ घरी गेलं, चांगलं.

मग त्या स्वतःच्या चौकशीला बसल्या. त्यांनी कचऱ्यातून त्या बाळाच्या औषधाची सिरिंज शोधून बाजूला ठेवली होती. आत काय उरलंय ते पाहिलं. घरून किलोभर साखरेचा पुडा आणून काटा तपासला. काटा बरोबर. वजन बरोबर. गणित पुन्हा केलं, बरोबर. सगळं बरोबर आणि बाळ पूर्ण दिवसांचं, तर मग श्वास का थांबला? एकच उत्तर उरत होतं. "माझा हात सैल सुटला," त्या म्हणाल्या. "ते जोराचं औषध ह्या वयाला मी जास्त देत आले. आजवर नशिबानं निभावलं."

थिएटरच्या भिंतीवर त्यांच्या हातचा एक तक्ता होता, कुठल्या वयाला कुठलं औषध किती. नवे डॉक्टर त्याचा फोटो काढून न्यायचे. त्यातल्या सहा महिन्यांच्या खालच्या ओळीवर त्यांनी लाल पेननं रेघ मारली आणि लिहिलं, 'जोरदार वेदनाशामक बंद. फक्त साधं औषध.' कमरेखालच्या इंजेक्शनची मात्राही उतरवली. मी शेजारी उभा होतो. पेन मीच आणून दिला होता.

त्या दिवसापासून आमच्या रिकव्हरीतला आवाज बदलला. मोठ्या पोरांचं नेहमीसारखंच चालायचं. पण तान्ही बाळं उठायची ती किंचाळत. भुवया मधे, डोळे गच्च, मुठी बंद. मॅडम एकेकाला घेऊन फेऱ्या मारायच्या, साखरपाणी घालायच्या. त्यांची विद्यार्थिनी डॉ. ऋतुजा एकदा म्हणाली, "मॅडम, ह्याला दुखतंय हो फार. थोडं देऊ या का?" मॅडम म्हणाल्या, "रडू दे. श्वास तरी घेतोय."

हे वाक्य शमीम मॅडमच्या तोंडून मी ऐकलं. ते मी त्यांच्या तोंडी घातलं होतं.

सांगितलं का नाही? पहिल्या आठवड्यात नोकरीची भीती होती. महिन्यानंतर त्यांच्या चेहऱ्याची भीती. वर्ष गेलं, आणि मग वर्ष का लावलंस, याला उत्तर नव्हतं. मी चहाच्या टपरीवर म्हशीची गोष्ट सांगायचो, लोक टाळ्या द्यायचे, आणि घरी गेलो की बायको विचारायची, "तुम्ही आजकाल घरात बोलत का नाही?"

मागच्या वर्षी मॅडमनी येणं बंद केलं. पोटात गाठ होती, उशिरा कळलं. ऋतुजाताईंनी मला गाठून सांगितलं, "साहेबरावकाका, भेटून या. फार दिवस नाहीत."

मी आधी भेटायला गेलो नाही. वैजापूरला गेलो. मनात चोर असा होता, की कदाचित पेटी नसेलच. कदाचित बाळ खरंच नऊ महिने नऊ दिवसांचं असेल. मग माझं खोटं आपोआप खरं होईल आणि मी मोकळा.

मार्केट यार्डात कांद्याचे ढीग लागले होते. मापाड्याचं नाव सांगितलं तर लगेच कुणीतरी घर दाखवलं. ओट्यावर गयाबाई लसूण सोलत होत्या. मला पाहून डोळे बारीक केले आणि उठल्याच. "अगं बया! तुमीच ना ते म्हशीवाले?"

पाच वर्षांचा आरुष तीनचाकी सायकलवरून मला धडकून गेला. चांगला होता. दांडगा होता.

मी विचारलं, "काकू, एक विचारतो, खरं सांगा. हा पूर्ण दिवसांचा होता का?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "आता पाच वर्साचा झाला, आता सांगायला काय. आठव्यातला हाय. आठव्यातलं जगत नाय म्हणत्यात, म्हणून कुणाला बोललो नाय आमी."

"आणि काचेच्या पेटीत ठेवला होता का?"

"व्हय की! एकोणीस दिस!" त्यांचा चेहरा उजळला. "लई मोठी पेटी व्हती, निळा दिवा आत."

"मग तेव्हा का नाही सांगितलं, काकू?"

"तुमी इचारलंच कुठं?" गयाबाई म्हणाल्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी म्हशीचं सांगत व्हता."

तिथून मी सरळ मॅडमच्या घरी आलो. त्यांची भाची फरहीन त्यांच्याजवळ होती. मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या, अंगाची काडी झालेली. मला पाहून म्हणाल्या, "या साहेब. आज कुणाची म्हैस कुठं चढवली?"

मी खाली जमिनीवर बसलो आणि सांगितलं. फॉर्म, खूण, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, गयाबाई, एकोणीस दिवस. एकही शब्द वाढवला नाही. वाढवण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आठव्यातलं. वर साडेचार महिने. हां. बसतंय. बरोबर बसतंय." मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मग माझा हात बरोबर होता रे."

मला वाटलं, त्यांना बरं वाटलं. क्षणभर वाटलंही असेल. मग त्या म्हणाल्या, "किती वर्षं झाली?"

"पाच होतील, मॅडम."

"पाच वर्षं." त्या भिंतीकडे बघून बोलत होत्या. "पाच वर्षं मी बच्च्यांना दुखू दिलं. मला दिसत होतं. एकेकाचं तोंड दिसत होतं. औषध कपाटात होतं, आणि मी दिलं नाही."

मी पाय धरायला पुढं झालो. त्यांनी पाय वर ओढून घेतले. "नक्को," एवढंच म्हणाल्या.

मग फरहीनकडून फोन मागितला आणि ऋतुजाताईंना लावला. आवाज बारीक, पण तोच शिकवतानाचा. "ऋतुजा, भिंतीवरचा माझा तक्ता काढ. लाल रेघेच्या आधी जे होतं ते परत लिही. वजन, वय, पेटी, सगळं बघून द्यायचं, यंत्र लावून द्यायचं, पण द्यायचं. दुखणारं बाळ तसंच ठेवायचं नाही. ज्यांनी ज्यांनी फोटो नेलाय त्यांना कळव."

पलीकडून ताईंचा आवाज आला, "हो मॅडम, पण कारण काय सांगू? लोक विचारतील."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता नाव घेतील. त्या म्हणाल्या, "कारण उद्या साहेबराव येऊन सांगेल. सगळ्यांना एकत्र बसव." फोन ठेवला आणि डोळे मिटून मला म्हणाल्या, "आता जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरबाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. सर्जन, सिस्टर, ऋतुजाताई, नवे डॉक्टर. मी उभा राहिलो तसे दोघं-तिघं आधीच हसायला लागले, साहेबराव उभा राहिला म्हणजे काहीतरी येणार म्हणून. मी सांगत गेलो आणि ते थांबत गेले. शेवटी ऋतुजाताई उठल्या, आत गेल्या आणि तक्ता काढला. भिंतीवर त्या जागी रंग वेगळा दिसत होता. फॉर्मचं काम माझ्याकडून काढलं. ते योग्यच होतं.

दुपारी मी पुन्हा मॅडमच्या घरी गेलो, सांगितलं हे सांगायला. फरहीन दारातच म्हणाली, "अंकल, रात्रीपासून दुखणं फार वाढलं होतं. आता औषधावर झोपल्यात. बोलत नाहीत." मी आत जाऊन खाटेजवळ बसलो. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, सगळ्यांसमोर सांगितलं. तक्ता काढला." फरहीन म्हणाली, "ऐकू जात नसेल आता." मी तरी आणखी एकदा सांगितलं.

त्या तिसऱ्या दिवशी गेल्या. दफनाला गर्दी लोटली होती. किती होती ते सांगत नाही.

दवाखान्यातले लोक मला समजावतात, साहेबराव, मनाला लावून घेऊ नको, मॅडमनी तुला माफ केलं असणार, त्यांचा स्वभावच तसा होता. मी ऐकून घेतो. पण तसं मी कुणाला सांगत नाही. मॅडम मला तसं काही म्हणाल्या नाहीत.